द्वारकाक्काची जास्वंद

ओढ्याकाठच्या एका लहानशा गावात एक कासारीण राहत होती. नाव तिचं द्वारका, पण लहानथोर सगळे तिला द्वारकाक्का म्हणत. बांगड्यांची पेटी घेऊन ती दारोदार फिरे आणि अंगणात बसकण मारून बायकांच्या हातांत बांगड्या भरे. तिचा हात इतका हलका, की बांगडी कधी चढली ते कळतही नसे. काम चालू असताना तिचं तोंड चाले, आणि डोळेही. डोळे मात्र मनगटावर कमी आणि परसातल्या झाडांवर जास्त.

द्वारकाक्काला झाडांचं भारी वेड. कुणाच्या परसात काय आहे, हे तिला घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. एका घरी शेवंतीचे फुटवे इतके माजले होते, की घरची सून ते उपटून उकिरड्यावर टाकत होती. आणि पलीकडच्याच आळीत एक म्हातारी देवाला शेवंतीचं फूल मिळावं म्हणून तळमळत होती. कुठे कढीपत्त्याचं रान, तर कुठे फोडणीला पान नाही. हे बघून द्वारकाक्काचा जीव तुटे.

संक्रांतीसाठी बांगड्या भरायची धांदल ओसरली आणि तिच्या हाताला जरा उसंत मिळाली. तेव्हा तिनं मनाशी एक बेत केला. ज्या घरी बांगड्या भरायला जाई, त्या घरी ती सांगू लागली, "वसंत पंचमीला सकाळी देवळापुढच्या पारावर या. घरात जे उदंड आहे त्याचं रोप आणा, आणि जे नाही ते घेऊन जा."

बायकांना कल्पना आवडली. सगळ्यात जास्त अडला तो सिदूनाना. सिदूनाना म्हणजे गावातला जुना शेतकरी. मनानं चांगला, तोंडानं तिखट. त्याच्या दारात पांढरा चाफा होता. तसा चाफा पंचक्रोशीत नव्हता, आणि सिदूनाना त्याचं खाली पडलेलं पानही कुणाला उचलू देत नसे.

"फांदी तोडली की झाडाला दुखतं," तो म्हणाला. "मी नाही तोडायचा."

"मग नाना, पोरीला सासरी कशी धाडलीत?" द्वारकाक्का म्हणाली. "तेव्हा दुखलं नाही?"

सिदूनाना खाकरून म्हणाला, "आणि बदल्यात मला काय?"

"माझी जास्वंद."

हे ऐकून सिदूनानाचा चेहरा पालटला. द्वारकाक्काच्या मागच्या भिंतीला लागून एक जास्वंद होती. केशरी रंगाची, दुहेरी पाकळ्यांची. फूल उमललं की ओंजळीत मावत नसे. गावात सगळ्यांचाच तिच्यावर डोळा होता. द्वारकाक्कानं दिवाळीनंतर तिच्या काड्या जुन्या डब्यांत लावल्या होत्या. त्यांनी चांगला जीव धरला होता. कुणी पारावर यायला कां कू केलं, की ती म्हणे, "जास्वंद देईन." असा तिनं तो एकेक डबा कुणाकुणाला कबूल करून टाकला होता.

त्यात एक डबा हौसाचा होता. हौसा ओढ्यालगतच्या तुकड्यात भाजी पिकवी आणि बाजारात विके. तिचं सारं घर त्या भाजीवर चाले. तिला फुलाझाडांची हौस पुरवायला कधी सवड मिळाली नव्हती. ती म्हणाली, "आक्का, माझ्याकडं द्यायला अळूचे कंद आहेत. पण जास्वंद मला नक्की ठेवा हं." द्वारकाक्कानं तिच्या हातावर हात मारून वचन दिलं.

वसंत पंचमी जवळ आली. द्वारकाक्काला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पार झाडून घ्यायचा, पाण्याची सोय बघायची, कोण काय आणतंय ते ध्यानात ठेवायचं. गावभरच्या रोपांची काळजी वाहता वाहता स्वतःच्या डब्यांकडे बघायचं राहूनच गेलं.

पंचमीच्या दिवशी सकाळी ती डबे उचलायला गेली, तर एका डब्यावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. तिनं पान उलटून पाहिलं. पानाच्या देठाशी कापसासारखं काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं. बोट लावलं तर चिकट. दुसरा डबा पाहिला, तिथंही तेच. तिसऱ्यालाही. मग तिनं भिंतीजवळच्या मोठ्या झाडाकडे मान वळवली. त्याच्या आतल्या फांद्या पांढऱ्याधोप झाल्या होत्या.

तो पिठ्या होता. पिठ्या म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. एकदा शिरली की एका झाडावरून दुसऱ्यावर, एका परसातून दुसऱ्या परसात जाते.

द्वारकाक्का डब्यांपाशीच बसली. रोपं नेली नाहीत, तर काय होईल? सिदूनाना चाफ्याच्या फांद्या घेऊन माघारी जाईल. बाकीचे म्हणतील, कासारणीनं जास्वंदीचं गाजर दाखवून बोलावलं. पहिल्याच वर्षी सगळा फज्जा उडेल.

तिनं घागरभर पाणी आणलं. एकेक पान पदरानं पुसलं. मुंग्या झटकल्या. वरून पाहणाऱ्याला आता काही दिसलं नसतं. 'धुतलं की गेलं,' ती स्वतःशी म्हणाली. पण तिलाच ते पटलं नाही. तिनं डबे पाटीत भरले आणि पाराची वाट धरली.

पारावर जत्रा लोटली होती. शेवंती, मोगरा, तुळस, पानओवा, कढीपत्ता. कुणी मडक्यात, कुणी फुटक्या बादलीत, कुणी नुसतंच केळीच्या पानात गुंडाळून रोप आणलं होतं. एरवी एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा ब्राह्मीची वेल अर्धी अर्धी वाटून घेत होत्या. शेवंतीसाठी तळमळणाऱ्या म्हातारीला तिघींनी शेवंती आणून दिली आणि तिला हसावं की रडावं कळेना. जो तो द्वारकाक्काला शाबासकी देत होता. आणि द्वारकाक्का हसत होती, पण तिच्या कपाळावर घाम होता.

जास्वंदीचे डबे हातोहात गेले. सिदूनानानं डबा बगलेत मारला आणि चाफ्याच्या फांद्यांची मोळी तिच्या ओटीत टाकली. शेवटी हौसा आली. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून म्हणाली, "आक्का, भेंडीच्या वाफ्याच्या कडेलाच लावते. आयतं पाणी मिळेल."

द्वारकाक्काचं हसू मावळलं. उन्हाळी भेंडी नुकती वर आली असणार, कोवळी लुसलुशीत. पिठ्याला तर जास्वंदीइतकीच भेंडीही प्रिय. तिनं तोंड उघडलं. भोवती दहा बायका उभ्या होत्या.

"पाणी बेताचं घाल," एवढंच ती बोलली.

दुपारी घरी येऊन तिनं मिळालेली रोपं सावलीला मांडली. चाफ्याची मोळी सोडली आणि ती बघतच राहिली. कापलेल्या टोकांचा चीक वाळावा म्हणून सिदूनानानं फांद्या कितीतरी दिवस आधी तोडून सावलीत ठेवल्या होत्या. टोकांना राख लावली होती. वाटेत साल खरचटू नये म्हणून मऊ जुन्या धोतरात एकेक फांदी वेगळी गुंडाळली होती. ज्या माणसाला फांदी तोडणं जिवावर आलं होतं, त्यानं ही अशी तोडून दिली होती.

द्वारकाक्कानं ताट वाढून घेतलं. मग तसंच झाकून ठेवलं, रिकामी पाटी उचलली आणि बाहेर पडली.

ज्या दारांवर ती आजवर बांगड्या घेऊन गेली, त्याच दारांवर ती आता दिलेलं परत मागायला उभी राहिली. "बाई, रोपाला कीड आहे. मला सकाळीच ठाऊक होतं. मी बोलले नाही. डबा परत द्या, आणि तुमचं रोप घेऊन जा." कुणी "असू दे, आक्का," म्हणत डबा दिला. कुणी डबा पुढ्यात ठेवला आणि पाठ फिरवली. एकीनं डबा उंबऱ्याबाहेर आपटला आणि दार लावून घेतलं.

मग ती सिदूनानाकडे गेली. सिदूनाना चपला घालून, काठी घेऊन बाहेरच निघाला होता. डबा त्यानं दारापासून लांब दगडावर ठेवला होता.

"नाना, त्या रोपाला..."

"पिठ्या आहे," सिदूनाना म्हणाला. "घरी आणून उलटं करून पाहिलं, तेव्हा दिसलं. तुझ्याकडंच निघालो होतो, भांडायला. काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं."

"बोला. मला सकाळीच ठाऊक होतं, नाना. लाजेपायी गप्प राहिले."

सिदूनानानं काठी एकदा जमिनीवर आपटली, दोनदा आपटली. "आता काय बोलू? सगळं तूच बोललीस." मग पाटीत डोकावून म्हणाला, "सगळे डबे आले?"

"हौसाचा राहिलाय. ती भेंडीजवळ लावणार होती."

"अरे देवा!" सिदूनाना म्हणाला. "चल, मी येतो. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला, तर तुला एकटीला झेपायचा नाही."

दोघं ओढ्यापाशी पोचली, तेव्हा हौसा हात धूत होती. जास्वंद लावून झाली होती. वाफ्याच्या कडेला छानसं आळं केलेलं, भोवती गोल दगड मांडलेले. द्वारकाक्कानं तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता.

हौसाच्या तोंडाचा पट्टा सुटला नाही. तेच द्वारकाक्काला फार जड गेलं.

"बांगडीला केसाएवढी चीर असली तरी तुम्ही ती बाजूला टाकता, आक्का," ती हळू आवाजात म्हणाली. "हात कापेल म्हणता. मग हे?"

द्वारकाक्कानं पाटी खाली ठेवली.

हौसानं कुदळ घेतली आणि रोप भोवतालच्या मातीसकट उपटून पाटीत टाकलं. मग वाफ्याजवळ उकिडवी बसून ती भेंडीचं एकेक पान उलटून बघू लागली. द्वारकाक्का दुसऱ्या सरीत बसली. सिदूनानाही गुडघे कुरकुरत असताना तिसऱ्या सरीत बसला. ऊन उतरेपर्यंत तिघं पानं उलटत पुढं सरकत होती. शेवटचं रोप झालं. भेंडी स्वच्छ होती.

हौसा उठली. तिचे डोळे भरून आले होते.

"आक्का, भेंडीवर कीड पडली असती, तर मी माझ्या नशिबाला बोल लावला असता. तुमचं नावसुद्धा मनात आलं नसतं."

"तेच मला खात होतं, बाई," द्वारकाक्का म्हणाली.

हौसानं पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तिच्या पुढं धरला. "प्या. उन्हातनं हिंडताय दुपारपासून."

त्याच संध्याकाळी द्वारकाक्कानं जास्वंदीची सगळी रोपं ओढ्याच्या वाळूत जाळली. भिंतीजवळची जास्वंदही तिनं स्वतःच्या हातानं तोडली. एकेक फांदी आगीत टाकताना तिला रडू आवरेना. सिदूनाना शेजारी उभा राहून काठीनं निखारे सारत होता. चाफा परत न्या म्हणून तिनं विनवलं, तर तो म्हणाला, "भांडायचं कारण उरलं नाही, मग परत कशाला नेऊ?"

काही दिवस गावात कुजबुज झाली. मग कुणाच्या तरी घरी डोहाळजेवण निघालं, बांगड्या भरायला द्वारकाक्काला बोलावणं आलं आणि कुजबुज विरली. पण पुढल्या वसंत पंचमीला बोलवायचा धीर तिला झाला नाही. कोणत्या तोंडानं बोलवणार? त्या सकाळी ती उगाचच पाराकडे गेली, हातात गवती चहाचा एक ठोंब घेऊन.

पारावर माणसं आधीच जमली होती. सिदूनाना मधोमध उभा राहून ओरडत होता, "आधी खोट सांगायची, मग गुण! ज्याला खोट सांगायची नाही त्यानं रोप घरी न्यायचं!" आणि जो तो हसत हसत आपल्या रोपाची खोट सांगत होता. "हा मोगरा वासाला बरा, पण फुलायला आळशी." "ही तुळस माझ्या सासूसारखी, जरा पाणी चुकलं की रुसते." सगळा पार खदखदत होता. सासूही.

द्वारकाक्काची पाळी आली. तिनं ठोंब पुढं धरला. "याला फूल येत नाही. पात हाताला कापते. चुरगळल्याशिवाय वाससुद्धा देत नाही."

"आणि कीड?" गर्दीतून हौसानं विचारलं.

"पान न् पान बघितलंय," द्वारकाक्का म्हणाली. "पण तू पुन्हा बघून घे."

हौसा पुढं आली. तिनं ठोंब हातात घेतला, आणि एकही पात न उलटता तसाच आपल्या पाटीत ठेवून दिला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या दारी जे द्यायचं, त्यातली खोट आपल्याच तोंडानं आधी सांगावी; आणि वेळेवर सांगायचं राहून गेलं, तर आता उशीर झाला म्हणून गप्प बसू नये.