उलटा कांदा

"आठ दिवस! आठ दिवसांत अख्खं गाव या बागेत राबताना दिसलं नाही, तर बाग मोडून इथे हत्तीखाना बांधणार!" रणधवल महाराज कडाडले.

म्हातारा दगडूबा माळी खुरपं खाली ठेवून कुरकुरत्या गुडघ्यांनी उठला. बाग गावासाठी केलेली, पण तिथे हात मळायचे ते एकट्या दगडूबाचे. महाराजांनी दवंडी पिटली, कुणी फिरकलं नाही. लाडू वाटले, तेव्हा मात्र सगळे आले आणि लाडू खाऊन मिशा पुसत परत गेले!

"आणि ऐका! हुकूम सोडायचा नाही, मजुरी द्यायची नाही, कुणाला बोलवायचंसुद्धा नाही!"

"न बोलवता माणसं यायची कशी, महाराज? चाळीस वर्षं वाढवलेली बाग ही..." दगडूबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येतील की!" मागून त्याची लेक भिवरा म्हणाली. "आबा, तुम्ही आठ दिवस खाटेवर पडून राहा. तुम्हाला काम नीट येतं, तीच तर अडचण आहे!"

दुसऱ्या दिवशी पाणवठ्याच्या वाटेलगत भिवरा कांद्याची रोपं लावायला बसली. पात मातीत, मुळं आभाळाकडे!

घागर घेऊन निघालेल्या चंद्रभागाकाकू कासारीण थबकल्या. "अगं बये! कांद्याचे पाय वर?"

"मग डोकं वर असतं होय, काकू?"

"सरक तिकडे!" काकूंनी घागर ठेवली, पदर खोचला आणि दुपारपर्यंत अख्खा वाफा लावून टाकला. संध्याकाळी पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता.

मग काय! भिवराने अळू लावलं कोरड्या ढिगावर आणि कोरफड चिखलात. कोरफडीचे हाल वैद्यबुवांना बघवेनात. धोतर खोचून ते आळं करू लागले, तर काकू ओरडल्या, "आळं असं करतात का, वैद्यबुवा?" कुंभार म्हणाला, दोघांचंही चुकतंय, आणि घरून कुदळच घेऊन आला. काकडीचा वेल एक, मांडव घालणारे अकरा! आठव्या दिवशी घराघरांना कुलपं आणि सगळं गाव बागेत भांडत खणत होतं.

महाराज आले आणि बघतच राहिले. "लबाड पोरी! बोलावलंस ना यांना?"

"ही काय बोलावणार?" काकू फणकारल्या. "हिला शिकवायला आलोय आम्ही. काही म्हणजे काही येत नाही हिला, महाराज!"

भिवराने मान खाली घातली आणि गुलाबाची एक फांदी उलटी मातीत खोचली. महाराजांना गुलाबाचं भारी वेड.

"अगं, अगं! फांदीचे डोळे खाली? आण ते खुरपं इकडे!" जरीच्या अंगरख्यासकट महाराज फतकल मारून बसले. फांदी सरळ लावली, माती दाबली, पाणी घातलं, शेजारच्या चार फांद्याही लावल्या.

"महाराज," भिवराने हळूच विचारलं, "आपल्याला कुणी बोलावलं होतं?"

महाराजांनी आपल्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं आणि असे हसत सुटले, की पगडी अळूत जाऊन पडली!

"हत्तीखाना रद्द! दगडूबाला जन्मभर घर आणि धान्य! आणि तुला गं काय हवं?"

"दरवर्षी एक वाफा उलटा लावायची परवानगी!"

"दिली!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "पण कुठला, ते आम्हाला सांगायचं नाही!"