निम्मं काम बाळगोंडाला

एकदा कोल्हापुरात एक वृद्ध प्रकाशयोजनाकार राहत होते. त्यांना या भारदस्त नावाने मात्र कुणी ओळखत नसे. सगळे त्यांना केरबाअण्णा लाईटवाले म्हणत. शहरातील स्टुडिओंची वर्दळ त्यांनी पाहिली होती आणि ती ओसरतानाही पाहिली होती. बरोबरीचे बहुतेक जण मुंबईला गेले. अण्णा मात्र आपले दिवे, स्टँड आणि मोजकी माणसे घेऊन इथेच राहिले.

मृदुला चौगुले ही त्यांची शिष्या. मुलगी लाईटचे काम करते म्हणून गल्लीत सुरुवातीला कुजबुज झाली. पण तिचा हात बसला तशी कुजबुजही थांबली. भर दुपारी बंद खोलीत संध्याकाळचे कलते ऊन उभे करावे तर मृदुलानेच. अडचण एकच होती, कामच नव्हते. कधी एखादी जाहिरात, कधी स्थानिक वाहिनीचा कार्यक्रम, आणि मधले महिने रिकामे. दिवाळीपर्यंत वाट पाहायची, नाहीतर मुंबई गाठायची, असे तिने घरी सांगून टाकले होते.

अशात पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका मालिकेचे चित्रीकरण ठरले. मुंबईहून सावंत नावाचे व्यवस्थापक आले आणि त्यांनी लाईटचे सगळे काम अण्णांना देऊ केले. मृदुलाला आभाळ ठेंगणे झाले.

अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "निम्मं काम आम्ही करतो. निम्मं इचलकरंजीच्या बाळगोंडा पाटलाला द्या."

मृदुला बघतच राहिली. बाळगोंडा म्हणजे अण्णांचा प्रतिस्पर्धी! मागच्याच वर्षी अण्णांचे ठरलेले काम त्याने पळवले होते. पण अण्णा एवढ्यावर थांबले नाहीत. सावंत होकार देऊन गेल्यावर ते तिला म्हणाले, "त्याची पोरं लग्नाच्या मांडवातली लाईट करणारी. मालिकेचं काम त्यांना नवीन हाय. तू शिकव."

"मी?" मृदुलाचा आवाज चढला. "अण्णा, आपल्यालाच काम पुरेना आणि तुम्ही वाटत सुटलाय! वर जे शिकायला माझी वर्षं गेली, ते मीच त्यांच्या हातात ठेवायचं?"

"शिकव. आणि हातचं राखू नको."

गुरूचा शब्द मोडवेना, म्हणून ती गेली. पण मनातून धुमसत गेली. बाळगोंडा आणि त्याची माणसे मात्र भडंगाचा मोठा डबा घेऊन हसतखेळत हजर झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी असा झगझगीत दिवा लावला, की सासूचे काम करणाऱ्या बाईंची सावली थेट छताला भिडली. बाई स्वतःच दचकल्या. मृदुलाला हसू आवरेना आणि त्या हसण्यात तिचा निम्मा राग विरघळला. मग ती मनापासून शिकवू लागली. दिवा कुठून यावा, उजेड मवाळ करायला कापड कुठे धरावे, तोंडावर किती उजेड ठेवावा. तीही माणसे चिकाटीने शिकत गेली.

चित्रीकरण अर्ध्यावर आले आणि घोळ झाला. मालिकेतील ज्येष्ठ अभिनेत्याला अचानक दुसरीकडे जावे लागणार होते. वेळेत संपवायचे तर त्याचे शेतातले आणि इतरांचे घरातले प्रसंग एकाच वेळी चित्रित करणे भाग होते. दुसरा कॅमेरा होता. पण स्वतंत्रपणे काम सांभाळेल अशी दुसरी लाईटची टीम कुठून आणणार? बाळगोंडाची माणसे सावंतांच्या लेखी अजून शिकाऊच होती. सावंतांनी मुंबईला फोन लावून पाहिले. शेवटी ते दिग्दर्शकाला म्हणाले, "माणसं वेळेत पोहोचत नाहीत. इथलं गुंडाळू या. उरलेलं मुंबईत स्टुडिओत उरकू."

दुसऱ्याच क्षणी मृदुला पुढे झाली.

"सावंतसाहेब, दुसरी टीम इथंच आहे. शेतातलं अण्णा बघतील. घरातलं मी बघते, बाळगोंडाकाकांची माणसं घेऊन."

"जमेल?" सावंतांनी साशंकपणे विचारले.

"न जमायला काय झालं?" बाळगोंडा मागून गरजला. "मास्तरीणबाई हायत की संगं!"

आणि जमले. दोन्हीकडचे काम वेळेत पार पडले. निघताना सावंत म्हणाले, "पुढचं बाहेरचं चित्रीकरणही इथेच करू. आमची दुसरी एक मालिका आहे, तिच्याबद्दलही मी वर बोलतो."

गाड्या गेल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता मृदुलाने विचारले, "अण्णा, हे असं होणार, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी काय ज्योतिषी हाय?" अण्णा हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पोरी, गावात एकच जाणता असला, की मुंबई त्याला बोलावून घेते. पुष्कळ जाणते झाले, की मुंबईला इकडं यावं लागतं. माझी पाठ धरली, तुला ताप आला, तरी काम अडणार न्हाई, असा मुलूख मुंबईवाले शोधत असतात. बाळगोंडाची माणसं तयार झाली म्हणून तुझं काम कमी झालं न्हाई. ते इथं टिकण्यासारखं झालं."

हातातली वायर मृदुलाने सावकाश, नीट गुंडाळली. मग एकदम मान वर करून म्हणाली, "अण्णा, आवाज टिपणारी माणसं सावंतांनी सगळी मुंबईहूनच आणली होती."

"व्हय, आणली होती."

"इकडं कुणी नाही का, ते काम शिकवणारं?"

"मिरजेत रेडिओतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हायत. पण शिष्य कुठाय त्यांना?"

"ते मी बघते," मृदुला म्हणाली. "उद्या जाऊ या मिरजेला."