एक रुग्ण, एक बाटली

एकदा एका जिल्ह्याच्या गावातील रुग्णालयात एक वृद्ध डॉक्टर सीटी स्कॅनचा विभाग सांभाळत असत. त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. बुद्धीने तल्लख, हाताने चपळ, आणि नियमांची इतकी पक्की की भिंतीवरच्या घड्याळानेही तिला विचारूनच पुढे सरकावे.

त्या विभागाचा एक जुना नियम होता : एक रुग्ण, एक बाटली. यकृताचे चित्र काढायचे तर आधी शिरेतून एक औषध द्यावे लागते. सगळे त्याला डाय म्हणतात, म्हणजे रंग. प्रत्यक्षात ते पाण्यासारखे निर्मळ असते. रक्ताबरोबर ते यकृतात पोहोचले की चित्रात यकृत उजळते, आणि त्यात एखादा वाईट डाग असला तर तो काळपट उरतो. औषध अपुरे पडले, तर यकृतही करडे आणि डागही करडा. मग पाहणाऱ्याने पाहावे तरी काय?

बाटली नातेवाईक दुकानातून आणून देत आणि शिष्या ती शेवटच्या थेंबापर्यंत देत असे. थोडे उरलेच, तर नातेवाईक हळहळत, "मॅडम, राहिलं की हो एवढं!" प्रसादाचे ताट आणि औषधाची बाटली, दोन्हींत काही टाकणे आपल्या जिवावर येते. त्यामुळे हा नियम सर्वांनाच सोयीचा होता.

एके सकाळी तिथे दोन रुग्ण आले. पहिला बाळाप्पा, गुळाच्या बाजारातला हमाल. उंचापुरा, पाठ रुंद, दंड ओझी वाहून कसलेले. आतड्यातली कर्करोगाची गाठ काढून त्याला वर्ष झाले होते. मध्यंतरी याच विभागात त्याचा स्कॅन झाला, तेव्हा शिष्येने 'यकृत निर्दोष' असा अहवाल दिला होता. पण त्याच्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी सारखे वाढतच होते. सर्जनने पुन्हा पाठवले होते आणि बजावले होते, "यकृतात डाग असेल तर आत्ताच सापडायला हवा. लहान आहे तोवर कापून काढता येईल. पसरल्यावर माझ्या हातात काही नाही." बाळाप्पाची बायको गौराक्का बाहेरच्या बाकावर पदराचे टोक मुठीत आवळून बसली होती.

दुसरे एक कापडाचे व्यापारी. बुटके, गोरे, पोट सुखवस्तू. सोनोग्राफीत त्यांच्या यकृतावर काही शंकास्पद दिसले होते. शिवाय मधुमेह जुना, त्यामुळे मूत्रपिंडेही थकलेली.

दोघांना काट्यावर उभे केले, तर वजन अगदी सारखे. शेठ खूश झाले. "बघा मॅडम, हमाल असो की मालक, काट्यापुढे सगळे सारखे!"

एवढ्यात वृद्ध डॉक्टर आले. त्यांनी दोघांची उंची मोजायला लावली. दोघांचे दंड दाबून पाहिले, मनाशी काही हिशेब केला. मग शेठच्या बाटलीतले निम्म्याहून थोडे अधिक औषध घेतले आणि उरलेले सरळ बेसिनमध्ये ओतून दिले. बाळाप्पासाठी मात्र त्याची पूर्ण बाटली घेतली, आणि वर रुग्णालयाच्या कपाटातून दुसरी काढून तीही फोडली.

शिष्या चकित झाली. गुरूंपुढे ती बोलली नाही, पण तिचा चेहरा सगळे बोलत होता. शेठना तसे काही बंधन नव्हते. दोघांचे स्कॅन आटोपताच ते उखडले.

"डॉक्टरसाहेब, हा कुठला न्याय? वजन सारखं, आजाराची शंका सारखी. माझं औषध मोरीत आणि त्याला दोन-दोन बाटल्या?"

वृद्ध डॉक्टर हसले. म्हणाले, "शेठ, तुमच्या घरी आमटीत मीठ कसं घालतात? पातेल्यासकट वजन करून?"

"छे! आमटी किती आहे ते बघून."

"तसंच आहे. हे औषध रक्तातून फिरतं. जिथे रक्त भरपूर तिथे ते भरपूर जातं. बाळाप्पाचं वजन बहुतेक स्नायूंचं. ते स्नायू आपापला वाटा घेतात आणि मग यकृताच्या वाट्याला थोडंच राहतं. चरबीत रक्त फार कमी खेळतं, ती जवळजवळ काही मागत नाही. म्हणून तुमच्या यकृताला कमी औषध पुरतं. जास्त दिलं असतं, तर ते बाहेर टाकायला तुमची मूत्रपिंडं राबली असती. काटा खोटं बोलत नाही, शेठ. तो फक्त पातेलं धरून वजन सांगतो."

शेठनी स्वतःच्या पोटाकडे पाहिले. "म्हणजे मी पातेलं?"

"थोडंफार. मीही आहे," असे म्हणून वृद्ध डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. शेठना हसावेच लागले.

शिष्या मात्र हसली नाही. ती पडद्यासमोर जाऊन बसली होती. बाळाप्पाचे यकृत या वेळी लख्ख उजळले होते, आणि त्याच्या एका कडेला वाटाण्याएवढा काळपट डाग स्पष्ट दिसत होता. तिने जुने चित्र शेजारी लावले. त्याच जागी नुसते करडेपण होते.

"सर, हा तेव्हाही इथेच असेल?"

"असेल."

"मी निर्दोष लिहिलं होतं."

"तुला दिसलं तेवढं तू लिहिलंस. आपण बाटली मोजली, माणूस मोजला नाही. आणि तो नियम तुझ्याही आधीपासून मी चालू दिला होता." वृद्ध डॉक्टरांचा आवाज खाली आला होता. "जा, त्याला तूच सांग."

सर्जनला फोन करून शिष्या बाहेर आली. बाळाप्पासमोर उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"मागच्या वेळी मी काही नाही म्हणाले होते. ते होतं. मला दिसलं नाही."

बाळाप्पाने तिच्याकडे पाहिले. "आता दिसलं न्हवं?"

"दिसलं. एकच आहे, लहान आहे."

"काढता येतंय का?"

"सर्जन म्हणाले, येतंय."

गौराक्काच्या मुठीतला पदर सुटला. बाळाप्पा उठत म्हणाला, "मग रडतायसा कशाला डाक्टरीणबाई? चला, फुडच्या माणसाला घ्या. बिचारी कवापासनं बसलीया."

पुढे एक कृश आजी होत्या. त्यांच्या मुलाने बाटली शिष्येच्या हातात दिली आणि सवयीने बजावले, "मॅडम, सगळी घाला हं."

शिष्येने बाटली टेबलावर ठेवली. "आजी, जरा भिंतीला टेकून उभ्या राहता? उंची बघू दे." मग तिने त्यांचा काडीसारखा दंड हलकेच हातात घेऊन पाहिला.

त्या दिवशी बाटलीत बरेच औषध उरले. मुलाने तोंड उघडण्याआधीच शिष्या त्याला म्हणाली, "ते आजींचं नव्हतंच."