लॅटिनची पाच पुस्तकं आणि उतरवलेला वेल

ही गोष्ट लिहायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पॅरिशच्या मासिकाची पोरं महिनाभर माझ्या ओट्यावर ठाण मांडून बसली. "काका, तुम्ही तिथं होता, तुम्हीच लिहा." मी म्हटलं, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडून लिहून घेता, छापखान्यात शाई उतू चालली आहे का? पण चर्चच्या हॉलमधल्या भाषणात ही गोष्ट अशी मोडूनतोडून सांगितली गेली की मलाच गप्प बसवेना. तेव्हा लिहितो. शुद्धलेखन सुधारायचं तर सुधारा. गोष्ट सुधारू नका.

एकदा एक आई आपल्या मुलीला घेऊन एका वृद्ध गुरूंकडे आली. गुरू म्हणजे आपल्यातलेच फादर. त्यांनी सारा जन्म सेमिनरीत, म्हणजे नवे फादर घडतात तिथं, लॅटिन शिकवण्यात घालवला आणि म्हातारपणी भावाच्या वाडीत विड्याच्या पानवेली लावून राहिले. मी त्या वाडीत कामाला होतो. वेल बांधायचे, पाणी सोडायचं आणि फादर बोलतील ते ऐकायचं. ते पुस्तकी बोलायचे. मला आठवतं तसं मी त्यांचं बोलणं लिहितो आहे.

त्या बाईचा नवरा बोटीवर. मुलगी सात वर्षांची. ही पोर शाळेत तोंडच उघडेना, म्हणून शाळेने तिला मंद ठरवून मागच्या बाकावर ढकललं. आईने तिला शाळेतून काढलं आणि स्वतः घरी शिकवायला घेतलं. सासरच्यांना ते अजिबात पटलं नव्हतं. एका संध्याकाळी तिचे आजोबा, म्हणजे बाईचा सासरा, माळेची प्रार्थना झाल्यावर जुनं लॅटिन गीत गुणगुणत बसले होते, आणि ही मुकी म्हणवली गेलेली पोर मागून तेच गीत गुणगुणायला लागली. मग आईला विचारते, "याचा अर्थ काय?" वर्षभरात पोरीने कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न. आईला उत्तर येईना. तिने त्याच दिवशी ठरवलं, हिला लॅटिन शिकवायचं.

सासरा भडकला. म्हणाला, "मेलेली भाषा! बोलणार कुणाशी, कबरस्तानात जाऊन? ऐक सूनबाई, नाताळला सगळं घर जमेल. पोरीने तेव्हा मला सगळ्यांसमोर दाखवावं काय येतं ते. नाही तर त्यानंतरच्या जूनपासून तिची रवानगी बोर्डिंगात." आणि तो माणूस बोलला की करणारा. बोर्डिंगात गेली तर ही पोर पुन्हा कायमची मिटणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

तर ती बाई पिशवीतून पाच पुस्तकं काढून विहिरीच्या कठड्यावर मांडते. एक नुसत्या कोष्टकांचं. एक चित्रांचं, त्यात एक हंस गावभर उंडारतो. एक गाण्यांचं. एकाबरोबर मोबाईलवर कुणी बाई बोलते. पाचवं इतकं जाड की त्यावर वाटण वाटता आलं असतं.

"फादर, मला एकच सांगा. यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?"

"पाचही वापरून पाहिलीस?"

"पाहिली ना. एक घेतलं, मुलगी अडायला लागली, तेव्हा कळलं की पुस्तकातच दम नाही. मग दुसरं आणलं. तेही तसंच. आता चुकायला वेळ नाही फादर, नाताळ डोक्यावर आला."

मे महिना चालू होता. ज्याच्यात्याच्या डोक्यावर काय आहे ते ज्याचं त्यालाच माहीत.

फादरांनी एकाही पुस्तकाला हात लावला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "तो कोपऱ्यातला वेल आज उतरव."

मी म्हटलं, "तो पुढच्या आठवड्यात घेणार होतो."

"आज घे. या बाईंना बरोबर घे."

आता ज्यांना पानवेलीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेल पांगाऱ्याच्या झाडावर चढवतात. तो कोपऱ्यातला वेल वाडीत सगळ्यात उंच, पार शेंड्याला टेकलेला. मी एकेक बांध सोडला आणि अख्खा वेल ओढून खाली घेतला. बाई किंचाळलीच. शहरात फ्लॅटमध्ये वाढलेली ती, तिने असलं कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, चांगला वाढलेला वेल! काय करताय हे? फादर, सांगा ना यांना!"

फादर शांतपणे म्हणाले, "चप्पल काढ. खाली बस. तो जो बिनपानांचा देठ आहे, त्याचं वेटोळं कर आणि मातीत पूर."

बाईने माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय का, असा तो चेहरा होता. मी मान डोलावली, म्हणजे करा म्हटल्यावर करा. ती अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी ओल्या मातीत बसली. देठ हाताने वळवला, मी काढून दिलेल्या चरात ठेवला, वरून माती ओढली. शेंड्याकडचा पानांचा भाग तेवढा मी पांगाऱ्याच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीवर बांधला. मघाशी आभाळाला भिडलेला वेल आता कोंबडीनेही ओलांडावा एवढा झाला.

मुलगी खुदकन हसली. "आई, तू चिखलात!"

तेव्हा फादर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "मला एक सांग बाळ. तुमचं पुस्तक बदलतं ते कधी?"

पोरीने आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई गप्प होते ना, तिथं."

"आणि मग?"

"मग नवीन पुस्तक येतं."

बाईचे मातीतले हात जागच्या जागी थांबले.  

मग ती एकदम बोलायला लागली. "हो, मला येत नाही. मी कुठं शिकलेय लॅटिन? आदल्या दिवशी वाचून दुसऱ्या दिवशी शिकवते. एक जागा अशी येते की मलाच उमजत नाही. सगळं घर म्हणतंय हिला जमणार नाही, आणि पोरीसमोरही मीच म्हणू की मला येत नाही? मग तिने विश्वास कुणावर ठेवायचा?"

फादर उठले. त्या बांधलेल्या शेंड्याला बोट लावून म्हणाले, "बाई, हा वेल टोकाला पोहोचला तेव्हा पाहणारे त्याची वाहवा करत होते. परंतु त्याची पानं वर राहिली, मुळं खाली राहिली आणि मधला देठ उघडा पडत गेला. अशा वेलाचं पान वर्षागणिक लहान होत जातं. म्हणून आम्ही त्याला खाली घेतो. जो भाग उघडा पडला, नेमका तोच मातीत जातो, आणि त्याच्या पेऱ्यापेऱ्यातून नवं मूळ फुटतं. तू मात्र प्रत्येक वेळी नवा पांगारा शोधत राहिलीस. पांगाऱ्यात दोष नव्हता. तुला खाली येण्याचा संकोच वाटला. आता मुलीच्या समोर बसू नकोस, शेजारी बस. जिथं तू गप्प होतेस, तिथं मोठ्याने म्हण की मला येत नाही, आणि दोघी मिळून मागे या, जिथवर येत होतं तिथं. आजवर जे पाच वेळा गिरवलंत ते वाया गेलेलं नाही. ते मातीत गेलं आहे. त्याला मूळ फुटू दे."

बाईने देठावर आणखी मूठभर माती ओढली. मग विचारलं, "पण पुस्तक कोणतं?"

"ते मुलगी सांगेल. मात्र एकदा धरलं की शेवटपर्यंत सोडायचं नाही."

पोरीने धावत जाऊन हंसाचं पुस्तक उचललं.

"ते? फादर, ते तर सगळ्यात पोरकट आहे!"

"मग तुला झेपेल," फादर म्हणाले.

मी तोंड फिरवून हसलो. बाईलाही हसू आलं, पण लगेच ती गंभीर झाली. "आणि नाताळला सासऱ्यांपुढे काय दाखवू?"

"जे असेल ते. अडशील त्या जागेसकट."

तिने विहिरीवर हात धुतले. उरलेली चार पुस्तकं पिशवीत कोंबली आणि गाठ मारली. म्हणाली, "उद्यापासून नाही. आजच बसतो." ज्या ताठ मानेने ती आली होती त्याच ताठ मानेने गेली, फक्त कपड्यांना माती होती.

मी त्यांच्या घरावरून पानांचे करंडे घेऊन जायचो. खिडकीतून आवाज यायचा. कधी आईचा, कधी पोरीचा. "मला येत नाही. चल मागे." त्यांच्या शेजारणी म्हणायच्या, काय बाई शिकवणं हे, पुढे कमी आणि मागेच जास्त. इकडे तो उतरवलेला वेल महिनाभर सुतक असल्यासारखा पडून होता. मग एकदम असा सुटला की तळहाताएवढी पानं.

नाताळ आला. सगळं घर गोळा झालं. फादरांना बोलावणं होतं, आणि त्यांना अंधारातून हात धरून आणणारा म्हणून मलाही एक खुर्ची मिळाली. जेवणाआधी सासऱ्याने नातीला उभं केलं. पोरीने हंसाची गोष्ट लॅटिनमध्ये सुरू केली. हंस निघाला, बाजारात पोहोचला, आणि तिथं पोर थांबली. एक चुलता खोकला. सासरा म्हणाला, "झालं?"

पोरीने ओठ घट्ट मिटले. शाळेत ती अशीच मिटायची म्हणे.

आई उठली. सगळ्या पाहुण्यांसमोर नव्या साडीनिशी फरशीवर लेकीशेजारी बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मलाही इथं येत नाही बाळा. चल मागे."

दोघी हंसाच्या घरापासून पुन्हा निघाल्या. बाजार आला. या वेळी आई अडली आणि पोरीने तिला पुढचा शब्द सांगितला. मग पोर थांबलीच नाही. गोष्ट संपवून तिने आजोबांवर अशी नजर रोखली, मी मनात म्हटलं, ही काय मुकी!

सासरा खुर्चीत पुढे सरकला. मग घसा साफ करून म्हणाला, "इकडे ये गं. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा मिस्साच्या प्रार्थनेला तेव्हाच्या फादरांच्या मागे उभा राहून लॅटिन म्हणायचो. त्यात 'पानेम' असं यायचं. ते काय?"

"भाकरी, आजोबा. आमचा हंस बाजारात तीच चोरतो."

"भाकरी?" म्हाताऱ्याचा चेहरा पोरासारखा झाला. "म्हणजे आम्ही भाकरी मागत होतो? मला वाटायचं काहीतरी फार मोठं असेल. अर्थ विचारला असता तर फादरांनी कान उपटला असता, म्हणून कधी विचारलंच नाही." त्याने स्वतःच खुर्ची नातीजवळ ओढली. "बाजाराचं पुन्हा म्हण. सावकाश म्हण, मला कमी ऐकू येतं."

त्याला काही कमी ऐकू येत नव्हतं. जून आला आणि गेला, बोर्डिंगचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

परतताना मी फादरांना विचारलं, "ते हंसाचं पुस्तक खरंच पाचांत चांगलं होतं का हो?"

"कुणास ठाऊक," फादर म्हणाले. "मी उघडलं नाही."

गोष्ट एवढीच. मुलांना घरी शिकवायचं तर पुस्तकं जरूर पारखून घ्या. पण आधी आपण कुठं गप्प होतो ते बघा.

आता हॉलमधलं सांगतो. तिथं भाषणात सांगितलं गेलं की फादरांनी पाचही पुस्तकं भिंग लावून तपासली आणि त्यांतलं कोष्टकांचं निवडून दिलं. बोलणारा स्वतः शिकवण्या घेतो आणि त्याच पुस्तकातून घेतो, हे मी सांगायला नको. मी मागून उठून म्हटलं, "खोटं आहे. फादरांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही." तर माईकवरून मला म्हणतो, "काका, खाली बसा. हा पानवेलीचा विषय नाही." सगळा हॉल हसला.

मी बसलो खाली. खाली बसण्यात कमीपणा नसतो, हे मी त्या बाईकडून चिखलात शिकलोय. पण विषय पानवेलीचाच होता, आणि त्याची माफी अजून मागायची राहिली आहे त्या माईकवाल्या विल्यम तुस्कानोने.