अकरा सीलबंद पाकिटं

"म्हणजे मी पाकीट फोडावं, असं म्हणताय तुम्ही?"

दस्तगीरचाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. समोरच्या घड्याळात बघतच ते म्हणाले, "फोडावंस असं मी कुठं म्हटलं? तुझ्याकडं आहे का, एवढंच विचारलं."

भरतेश मगदूमनं हातातला चिमटा खाली ठेवला.

तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत असे. चावीची जुनी घड्याळं जमवण्याचा त्याला नाद होता. चार वर्षांपूर्वी बिघडलेलं एक घड्याळ घेऊन तो जयसिंगपुरात चाचांच्या दुकानात आला आणि तेव्हापासून दर रविवारी शिकायला येत राहिला. हात चांगला होता. ते त्यालाही ठाऊक होतं.

त्या दिवशी टेबलावर सिद्राम माळीचं घड्याळ उघडं पडलं होतं. सिद्राम आंधळा. गावाबाहेरच्या अंधशाळेत तो मुलांना खुर्च्या विणायला शिकवायचा आणि सव्वीस वर्षं शाळेची घंटाही देत होता. घड्याळाची काच झाकणासारखी उघडायची. बोटानं काटे चाचपून तो वेळ बघायचा. पायरीवरून पडला, तेव्हा आतला बॅलन्स मोडला. बॅलन्स म्हणजे ते सतत हेलकावणारं चाक. ते थांबलं की घड्याळ संपलं.

कंपनी केव्हाच बंद पडलेली. सुटा भाग मिळेना.

भरतेशकडे होता. बेळगावच्या एका बंद होणाऱ्या दुकानातून त्यानं शिल्लक माल सगळाच उचलला होता. त्या बॅलन्सची अकरा पाकिटं. सगळी कंपनीच्या सीलची.

"अख्ख्या देशात कुणाकडे अकरा नसतील, चाचा."

"नसतील."

"एक फोडलं की दहा राहतील."

"दहा कमी आहेत?"

"कमी-जास्तीचा प्रश्न नाही. न फोडलेली आहेत, म्हणून तर ती जपायची. तुम्हाला नाही कळणार."

चाचांनी सिद्रामच्या घड्याळावरची धूळ फुंकली.

भरतेशच पुढे म्हणाला, "मी सिद्राममामांना बोलणारं घड्याळ आणून देतो. सेलवरचं. बटण दाबलं की वेळ सांगतं."

"त्याला विचार."

सिद्राम दुपारी आला, तेव्हा त्यानं विचारलं. सिद्राम हसला.

"ते नको, सर. पाच मिनिटं राहिलीत असं ते मोठ्यानं सांगणार. घंटेच्या आधीच पोरं दारात."

मग हात पुढे करून त्यानं विचारलं, "चाचा, माझं झालं का?"

"नाही अजून."

"पुढच्या रविवारी येऊ?"

चाचांनी भरतेशकडे बघितलं. भरतेश चिमटा पुसत होता.

"ये," चाचा म्हणाले.

पुढच्या रविवारी भरतेश आला. पाकिटाचा विषय त्यानं काढला नाही, चाचांनीही नाही. सिद्राम येऊन गेला.

तिसऱ्या रविवारी भरतेश सकाळीच आला. नवीन मिळालेली दोन घड्याळं त्याला दाखवायची होती. चाचा कामात होते. टेबलावर सिद्रामचं घड्याळ होतं आणि शेजारी आणखी एक, उघडलेलं.

भरतेश वाकला.

"हे तर तुमचं. हातातलं."

"हो."

"मशीन तेच आहे? मामांच्या घड्याळातलंच?"

"तेच."

चाचांच्या उस्तादांनी दिलेलं ते घड्याळ. चार वर्षांत भरतेशनं ते चाचांच्या मनगटाखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं. चाचांनी चिमट्यानं त्यातला बॅलन्स उचलला. तो हवेत क्षणभर थरथरला. मग सिद्रामच्या घड्याळात उतरवला, स्क्रू आवळला. चाक हललं.

"चाचा, थांबा... मी घरी जाऊन पाकीट आणतो. अर्ध्या तासात."

"बसलाय आता हा."

"काढता येईल की परत!"

"नको."

तेवढ्यात दारात काठी वाजली. चाचांनी घड्याळ सिद्रामच्या तळहातावर ठेवलं. त्यानं आधी ते कानाला लावलं. बराच वेळ. मग काच उघडून बोट फिरवलं.

"साडेदहा," तो म्हणाला. "भाग मिळाला म्हणायचा. सरांनीच शोधला असणार कुठून तरी."

चाचा टेबलावरचे स्क्रू डबीत भरत राहिले.

"फार उपकार झाले, सर."

भरतेशला खाली बघवेना, वर बघवेना. विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "आता घंटा वेळेवर होईल ना, मामा?"

"घंटा?" सिद्राम काच मिटवत म्हणाला. "ती आता विजेची बसवली. आपली आपण वाजते. परवाच बसवली."

"का?"

"शाळेच्या मोठ्या बाईंचा दोष नाही. घड्याळ नव्हतं, तर मी याला त्याला वेळ विचारत होतो. जेवणाची घंटा दोनदा चुकली. एकदा तर पाऊण तास. बालवाडीची पोरं ताटं घेऊन बसून राहिली... बाई म्हणाल्या, आता वयही झालं, सिद्राम."

त्यानं घड्याळ बांधलं. पट्टा दोनदा चाचपला.

"एकदम हात रिकामे झाल्यासारखं वाटतं. दोन आठवडे आधी असतं तर..." तो थांबला. "जाऊ दे. चालतंय ना, बास."

काठीचा आवाज रस्त्यावर गेला आणि रिक्षांच्या गोंगाटात बुडाला.

चाचांनी आपलं बंद घड्याळ मिटवलं आणि खणात टाकलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटलेला होता.

भरतेश म्हणाला, "चूक माझी आहे. सगळी माझी. अकरा होती माझ्याकडे..."

चाचा भिंग पुसत राहिले.

"पण तुम्ही तरी का थांबलात, चाचा? दोन आठवडे?"

"पाकीट तुझ्या हातानं फुटावं म्हणून. तुला शिकवत होतो."

"मग शिकलो मी. कायमचा शिकलो. आता तरी मला माफ करा."

"तुला कशाला माफ करू?"

भरतेशनं मान वर केली. चाचा दाराकडे बघत होते, जिथून सिद्राम गेला होता तिकडे.

"तुझ्याकडं अकरा होती. माझ्याकडं एक होतं... आणि एकच लागत होतं."