राहीचं बसणं

फार वर्षांपूर्वी. किती, ते विचारू नका. मला ज्यांनी सांगितलं त्यांनाही ठाऊक नव्हतं. डोंगराच्या कुशीत वेळूखोरं नावाचं गाव होतं आणि गावाची मिळून एक बाग होती. घरटी एक वाफा, कुणाचा वांग्याचा, कुणाचा मेथीचा. झऱ्याचं पाणी एकाच पाटानं वरून खाली यायचं. या बागेत अगदी शेवटचा वाफा होता राहीचा.

राही एकटी होती. शेत नाही, गुरं नाहीत, पोट सगळं त्या वाफ्यावर. पण तिची एक तऱ्हा होती. खुरपणं झालं की ती बांधावर मांडी घालायची, डोळे मिटायची आणि गप्प बसायची. तिच्या खांद्यावर बुलबुल येऊन बसत, असं म्हणतात. मधमाश्या तिला वळसा घालून जात, असंही म्हणतात. गावाला मात्र ती आळशी वाटायची.

वरच्या वाफ्याचा हैबती एकदा म्हणाला, "राहीआत्या, काम सोडून डोळं मिटून काय करतीस?"

"हात मातीत असत्यात, पर मन गावभर हिंडतंय," राही म्हणाली. "त्याला घरी बोलावतीया."

हैबती हसला. त्याचं मन कधी घरी नसायचंच.

एका वर्षी पाटाचं पाणी खाली पोचेनासं झालं. खालचे म्हणाले, हैबती पाणी चोरतो. हैबती म्हणाला, खालचेच चोरून पाट फोडतात. मधल्या वाफ्याची कोंडाबाई तर त्याच्याशी बोलायचीच बंद झाली, आणि कोंडाबाई गप्प राहणं ही काही साधी गोष्ट नव्हती. शेवटी सगळे पारावर जमले आणि ठरलं, बाग वाटून टाकायची. मध्ये कुंपणं घालायची, ज्यानं त्यानं आपलं पाणी आपण बघायचं. म्हणजे शेवटच्या वाफ्याला थेंबही मिळणार नव्हता. हे सगळ्यांना कळत होतं, पण कुणी राहीकडे बघितलं नाही.

कुंपणाचे काटे तोडून आणले त्या सकाळी राही पाटाशी उभी राहिली.

"वाटणी करा, बाबांनो. म्या न्हाई म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पर आदी येकडाव समद्यांनी आपापल्या वाफ्यावर गप बसा. पानी शेवटाला पोचंस्तवर. बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई."

म्हातारीचं शेवटचं मागणं म्हणून लोक बसले. आधी सगळ्यांची चुळबुळ झाली. कुणाला खाज सुटली, कुणाला चुलीवरचं कालवण आठवलं. हैबतीनं मनातल्या मनात चार भांडणं केली आणि चारही जिंकली. मग हळूहळू श्वास संथ झाले. वारा पडला, झाडावरचे कावळे गप्प झाले, झऱ्यानंही आवाज बारीक केला, असं म्हणतात. कोथिंबिरीचं बी जमिनीत उकललेलं ऐकू आलं म्हणे. ते काही मला पटत नाही, पण सांगायला आवडतं.

आणि त्या शांततेत हैबतीला आवाज आला. गुडगुड, गुडगुड. त्याच्याच बांधाखालून. त्यानं जमिनीला कान लावला, अळूची पानं बाजूला केली आणि बिळात हात घातला. हात बाहेर आला तो बोटाला लोंबकळणारा खेकडा घेऊन. भलं मोठं बीळ होतं. पाटाचं पाणी त्यातून सरळ ओढ्याला जात होतं. वर्षभर हे सगळे रोज इथंच उभे राहून एकमेकांवर ओरडत होते, म्हणून कुणाला ते ऐकूच आलं नव्हतं.

"चोर घावला," हैबती खाली मान घालून म्हणाला.

कोंडाबाई उठली. चिखलाचा गोळा आणि दगड घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसून बीळ बुजवू लागली. मग म्हणाली, "बोट दाव, हळद लावते." आणि सगळी बाग हसायला लागली. पाणी खळाळत खाली निघालं.

राही डोळे मिटून बसलीच होती. कुणीतरी ओरडलं, "आत्या, पानी आलं!"

"कळलं," ती म्हणाली. "पाय भिजलं माजं."

कुंपणाचे काटे त्या दिवशी चुलीत गेले. पुढे राही पुष्कळ जगली, चांगली सुखात जगली.

आजही वेळूखोऱ्यात पाट सोडला की माणसं बांधावर गप्प बसतात. त्याला कुणी ध्यान म्हणत नाही, 'राहीचं बसणं' म्हणतात. सासवासुना बसतात, भांडून आलेले भाऊ बसतात, शाळेतली पोरं एक डोळा उघडा ठेवून बसतात. बाग वाटून मागायची सगळ्यांना मुभा आहे. फक्त मागणाऱ्यानं आधी राहीच्या वाफ्यावर, पाणी पोचेपर्यंत बसायचं. पुष्कळ जण तावातावानं येऊन बसले. उठल्यावर वाटणी मागितलेला अजून कुणी नाही.