परत केलेली नवरी

“पण ती का हसतेय?” उस्ताद बार्तोलोंनी विचारलं.

त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या नेरिओला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. नेरिओने स्वतः कोरलेल्या तांब्याच्या पत्र्याचा पहिला छाप समोर होता, शाई अजून ओली. चित्रात रोमन सेनापती, जिंकलेल्या शहरात त्याच्याच सैनिकांनी धरून आणलेली एक नवरी मुलगी तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या हवाली करतोय; आणि ती गुडघे टेकून, हसऱ्या तोंडाने सेनापतीचे आभार मानतेय. उस्तादांनी मान डोलावली, की पत्र्याच्या कोपऱ्यात नेरिओ पहिल्यांदाच स्वतःचं नाव कोरणार होता.

“हसणार नाही तर काय? सेनापतीने दया केली तिच्यावर. केवढा थोर माणूस!”

“असं?... तुझी कोरणी बघू जरा.”

नेरिओने दिली. तिची लाकडी मूठ त्याने आपल्या तळहाताच्या बेताने तासून घेतली होती. दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसलीच नसती. उस्तादांनी ती खुशाल स्वतःच्या कमरेला खोचली आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

“उस्ताद... कोरणी.”

उस्ताद शाई घोटत राहिले.

“अहो, माझी कोरणी!”

म्हातारा ढिम्म! नेरिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी उस्ताद उठले. सगळ्या कारागिरांना हाका मारून त्यांनी गोळा केलं आणि कोरणी दोन्ही हातांवर ठेवून पुढे केली.

“घे बाळा. मोडली नाही, विकली नाही. मन मोठं आहे माझं. चल, गुडघे टेक आणि आभार मान.”

नेरिओने कोरणी हिसकावूनच घेतली.

“आभार? कसले आभार? माझीच वस्तू मला देताय, आणि वर चारचौघांत मोठेपणा मिरवताय? चोर तो चोर, वर शिरजोर!”

बोलून गेला आणि त्याचा त्यालाच घाम फुटला. उस्तादांना चोर म्हणायचं, तेही सगळ्यांदेखत! गेलं आता नाव, गेलं सगळं... पण राग काही उतरेना. ओठ थरथरत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं.



उस्तादांनी शेजारचा एक कोरा पत्रा उचलला. घासून घासून लख्ख केलेला, तोंड दिसेल असा. तो त्यांनी नेरिओच्या पुढ्यात धरला.

“हा चेहरा नीट बघून घे,” ते म्हणाले. “चित्रातल्या त्या नवरीला हा दे. मग खाली नाव घाल.”